गोहान म्हणजे भात



या व्याख्यानाची पत्रिका छापायला जायच्या आधी संयोजकांचा मला फोन आला होता. "'विडंबन आणि त्याचे प्रेक्षक' इथपर्यंत छान आहे, पण पुढे 'जपानी कार्टून' लिहायलाच हवं का? आपला वर्ग जरा ज्येष्ठ आहे." मी म्हटलं, लिहा. ज्येष्ठ रागावले तर मागच्या खुर्च्या तरुणांनी भरतील. दोन्ही झालेलं दिसतंय.

ज्या मास्तरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांचा मी विद्यार्थी. शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी त्यांची नक्कल व्हायची आणि मास्तर पहिल्या रांगेत बसून ती बघायचे. एका वर्षी नक्कल करणारा मुलगा फारच पुढे गेला. मास्तरांचं तेव्हा नुकतंच मोठं आजारपण झालं होतं. त्यानं त्यांचा खोकला उचलला, खोकता खोकता खडू खाली पडतो तेही उचललं. सभागृह एकदम गप्प झालं. आम्हा शे-दीडशे पोरांच्या नजरा रंगमंचावरून निघून मास्तरांच्या मानेवर गेल्या. पाठमोरे बसलेले होते ना, मानच दिसत होती. ती मान हलली, म्हणजे मास्तर हसले, आणि मग जो हशा फुटला तो मला अजून ऐकू येतो.

माझा आजचा विषय ती मान आहे. आपण टवाळीला हसतो तेव्हा हसण्याआधी कुणाकडे बघतो?

आता कार्टूनकडे येतो. आकिरा तोरियामा या जपानी चित्रकारानं १९८४ ते १९९५ अशी अकरा वर्षं एका साप्ताहिकात 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा काढली. तिकडे अशा चित्रकथेला मांगा म्हणतात आणि तिचा पडद्यावरचा अवतार म्हणजे ॲनिमे. या कथेचा उत्तरार्ध 'ड्रॅगन बॉल झी' या नावानं १९८९ ते १९९६ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर चालला. एकूण भाग २९१. (झी म्हणजे इंग्रजीतलं शेवटचं अक्षर, अमेरिकी उच्चारानं. आपल्याकडच्या वाहिनीचा काही संबंध नाही. संध्याकाळच्या मालिकांची आठवण झालेल्यांनी निश्चिंत राहावं.)

नायक गोकू. परग्रहावर जन्मलेला, तान्हेपणी यानात घालून पृथ्वीवर पाठवलेला, पुढे त्याचा ग्रह नष्ट होतो. सुपरमॅन आठवला ना? फरक एवढाच, की याला पृथ्वी वाचवायला धाडलेलं नव्हतं, साफ करायला धाडलं होतं. लहानपणी डोक्यावर आपटला आणि कामगिरी विसरला. पृथ्वी वाचली ती एका टेंगळामुळे. हे विडंबन नाही हं, ही मूळ कथा आहे. हे लक्षात ठेवा, मी परत इथे येणार आहे.

आणि विडंबन? ते २००८ साली सुरू झालं. इंग्रजी बोलणाऱ्या काही तरुण चाहत्यांनी 'टीमफोरस्टार' नावाचा चमू केला. गोकूला आजोबांकडून मिळालेल्या मण्यावर चार तारे असतात, त्यावरून हे नाव. मूळ मालिकेची चित्रं कापायची, जोडायची, वर स्वतः लिहिलेले संवाद स्वतःच्या आवाजात बसवायचे. ही रीत त्यांची नव्हे. 'यू-गी-ओ' या दुसऱ्या मालिकेवर एका ब्रिटिश तरुणानं लिटलकुरिबो या टोपणनावानं २००६ मध्ये ती रूढ केली होती. 'अब्रिज्ड' म्हणजे संक्षिप्त. शाळेत 'संक्षिप्त श्यामची आई' असायची, तसं. फक्त यात संक्षेप करणाऱ्याला लेखकाची टिंगल करायची परवानगी. या चमूनं मूळचे पहिले १९४ भाग दहा वर्षांत ६० भागांत बसवले. आणि विनोद कसला? काळा. शहरं बेचिराख होतात, माणसं मरतात, बाप पोराला विसरतो, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात.

माझा भाचा पुण्यात हॉस्टेलवर होता तेव्हा त्याच्या खोलीत मी हे पहिल्यांदा पाहिलं. लॅपटॉप एक, पोरं सात. मला एकाही विनोदाचा अर्थ लागला नाही. पण पोरं विनोद येण्याच्या आधी हसत होती! वाक्य सुरू झालं की सातही तोंडं ते पुरं करायची. कीर्तनात बुवांनी अभंगाचा पहिला शब्द उच्चारला की मागे टाळकरी सुरू होतात, अगदी तसं. मला तेव्हा वाटलं, ही पोरं निर्ढावली आहेत. शहर जळतंय आणि हसतात कसली?

मग मी चौकशीला लागलो. मास्तरांचाच विद्यार्थी, सवय जात नाही.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ही पोरं मरणाला हसत नव्हती. ती मरण लपवण्याला हसत होती. 'ड्रॅगन बॉल झी' १९९६ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या मंडळींना वाटलं, लहान मुलांच्या कार्यक्रमात कुणी मरता कामा नये. मूळ कथेत तर माणसं घाऊक मरतात. मग काय केलं? मेलेला माणूस 'दुसऱ्या मितीत' गेला असं म्हणायचं. खलनायक आकाशातली विमानं फोडतो, तर कुणीतरी म्हणतो, मला त्यांची पॅराशूट दिसताहेत, सगळे सुखरूप आहेत. शहर उडालं तर त्या दिवशी रविवार होता, इमारती रिकाम्या होत्या! गोकू नरकात पडतो. तिथल्या दोन राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत 'हेल' लिहिलेलं. ते पुसून 'एच-एफ-आय-एल' केलं आणि त्याची फोड काय सांगितली? कायमच्या हरलेल्यांचं वसतिगृह. विनोद करायची कुणाची इच्छा नव्हती, हे सगळं गंभीरपणे चाललं होतं.

आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ही मालिका आली तीही अमेरिकामार्गेच. म्हणजे जगातल्या कित्येक मुलांनी दहाव्या वर्षी हे पॅराशूट पाहिलं नाही आणि ते आहे असं ऐकलं. मुलं मूर्ख नसतात. त्यांना कळत होतं, की मोठी माणसं आपल्याशी खोटं बोलताहेत. ती पंधरा-वीस वर्षांची झाली आणि कुणीतरी तेच चित्र लावून म्हणालं, अरे, मेले की सगळे! हशा तिथे फुटतो. आजोबा 'गावाला गेले' असं ज्याला लहानपणी सांगितलं गेलंय, त्याला या हशाची चव लगेच कळेल.

एक उदाहरण देतो. नापा नावाचा धिप्पाड राक्षस हरतो आणि त्याचाच सरदार वेजिटा त्याला निरुपयोगी ठरवून ठार मारतो. मूळ मालिकेत विषय संपला. विडंबनात नापा भूत होऊन परत येतो. सूड घ्यायला? छे! नुसता पिडायला. लहान मूल प्रवासात 'आलं का गाव' विचारतं तसा तो आपल्या खुन्याला भंडावतो. आपल्या साहित्यात हडळी, मुंजे, वेताळ कमी नाहीत, पण मारणाऱ्याला बडबडीनं जेरीला आणणारं भूत मी दुसरं पाहिलेलं नाही. माणूस मारला की तो 'मितीत' जाऊन निमूट बसत नाही, एवढं तरी या थट्टेनं मान्य केलं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं आजची मुख्य. या विडंबनावर रागावलेले प्रेक्षकही पुष्कळ. त्यांची तक्रार काय? आमच्या गोकूला यांनी बावळट केलं. आमचा गोकू धीरोदात्त, जगाचा तारणहार. यांचा गोकू खादाड, मठ्ठ, बायकापोरांकडे दुर्लक्ष करणारा.

मी विचारतो, 'आमचा' म्हणजे कुणाचा?

जरा नावं बघा. गोकूच्या मुलाचं नाव गोहान. जपानीत गोहान म्हणजे भात, म्हणजेच जेवण. वेजिटा सरळसरळ व्हेजिटेबल, भाजी. या लढवय्या जमातीचं नाव साइयाजिन. जपानीत भाजीला यासाई म्हणतात, त्यातली अक्षरं उलटीपालटी केली. महाखलनायक फ्रीझा म्हणजे फ्रिजमधला बर्फाचा कप्पा. गोकूची मैत्रीण बुल्मा, तिच्या घरातली सगळी माणसं आतल्या कपड्यांच्या नावाची. कल्पना करा, आपल्या रंगभूमीवर वरणभात नावाचा राजपुत्र शीतकपाट नावाच्या असुराशी लढतोय आणि प्रेक्षागृहात लोक डोळे पुसताहेत! तोरियामांनी यापूर्वी 'डॉक्टर स्लंप' नावाची निव्वळ विनोदी चित्रकथा केली होती. ते विनोदकारच. जपानी मुलाला हा भाताचा खेळ प्रत्येक हाकेला ऐकू येत होता. भाषांतरात भात गेला आणि गोहान उरला.

भाषेचंही तसंच. जपानीत गोकू गावठी बोलतो. रानात वाढलेला, शाळा नाही, शहाण्या शब्दांचा गंध नाही. त्याचा आवाज कुणाचा? मासाको नोझावा या बाईंचा. जन्म १९३६ चा. गोकू बाप झाला तरी आवाज त्यांचाच, आणि त्याच्या मुलांचेही आवाज त्यांचेच. पातळ, चिरका, पोरगेला आवाज. अमेरिकेत तिथे भारदस्त पुरुषी आवाज आला, वर गिटारींचा गडगडाट आला, भाषणांत न्याय आणि सत्य आलं. खेडवळ पोराचा सुपरहिरो झाला. तोरियामांनी नंतर एका मुलाखतीत नाराजी सांगितली होती, की पडद्यावर गोकूला सज्जन तारणहार करून टाकलं. मी काढलेला गोकू लोकांसाठी लढत नाही, त्याला तगडा प्रतिस्पर्धी हवा असतो म्हणून लढतो.

म्हणजे मास्तरांची मान कधीच हलली होती. पोरांना ती दिसत नव्हती, कारण मधे भाषांतराचा खांब होता. आणि विडंबनात गोकूचा आवाज देणाऱ्याचं टोपणनाव काय? मासाकोएक्स. नोझावाबाईंचं नाव घेऊनच बसलाय तो. ज्याला आपण टवाळी समजलो त्यातून मूळ विनोदकार डोकं वर काढतो. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. टवाळखोराला पुष्कळदा स्वतःला ठाऊक नसतं, की त्यानं काय उकरून काढलं. अत्र्यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढली तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवींची त्यांनी रेवडी उडवली. पण ती मजा पुरी घ्यायला ते कवी आधी वाचलेले असावे लागतात. गवळणीतली मावशी कृष्णाला टोमणे मारते आणि समोर बसलेले लोक वारीला जाणारेच असतात. त्यांना कुणी सांगत नाही, की देवाची थट्टा झाली, आता उठा.

बापाचा मुद्दा राहिला. गोहान चार वर्षांचा असताना गोकू लढाईत मरतो. पिकोलो नावाचा हिरवा शत्रू त्या पोराला उचलून नेतो आणि सहा महिने एकटं रानात सोडतो, का तर घट्ट व्हावा म्हणून. पुढे तोच पिकोलो पोराला वाचवताना अंगावर वार घेऊन मरतो. आणि खरा बाप? तो जिवंत होऊन परत येतो, आणि पोरगा दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर त्याला सेल नावाच्या महाराक्षसापुढे उभं करतो आणि त्याआधी सेलला ताकदीचं औषध देतो! सामना बरोबरीचा व्हावा म्हणून! पिकोलोच त्याला तिथे झापतो, अरे, पोराला लढाई नकोय, बाप हवाय. मित्रहो, हे सगळं मुळात आहे. विडंबनानं एवढंच केलं, की दर थोड्या वेळानं याची आठवण करून दिली. गोकू घरी येतो आणि पोराला ओळखायलाच त्याला वेळ लागतो, पिकोलो डबा भरून देणाऱ्या आईसारखा वागतो. आज मूळ मालिकेचे भक्तसुद्धा 'गोकू बाप म्हणून नापास' यावर तासन्‌तास वाद घालतात, आणि त्यांना वाटतं हे आपण मूळ बघून ठरवलं. माझ्या भाच्याला मी एक वाक्य विचारलं, हे मुळातलं का विडंबनातलं? त्याला सांगता आलं नाही. विडंबनानं मूळ गिळलं, ते असं. मला ते पूर्ण पसंत नाही. नकलेतला खोकला आठवावा आणि मास्तरांचा तास आठवू नये, असं झालं तर?

सगळ्याच हसण्याला मी माफी देत नाही. पोपो नावाचं एक पात्र आहे. देवाचा सेवक. काळाकभिन्न, जाड लाल ओठ, डोक्यावर फेटा. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची जी कुचेष्टा शंभर वर्षं रंगमंचावर चालली तिची छाया या चित्रावर आहे असा आक्षेप जुना आहे. २०१० मध्ये तिथल्या एका प्रक्षेपणात तर त्याला निळा रंग फासला. रंग बदलला की झालं! विडंबनकारांनी वेगळंच केलं. पोपोला सगळ्यात भीतीदायक केलं. देवापेक्षा वरचा, ज्याच्यापुढे वीरांचे पाय लटपटतात असा. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. नोकराला मालक केला म्हणून टाळ्या वाजवाव्यात, की काळ्या माणसाला पुन्हा राक्षसच केलं म्हणून गप्प बसावं? मी तीनदा पाहिलं. दोनदा हसलो.

याउलट २००५ मध्ये अमेरिकेत 'घोस्ट स्टोरीज' नावाच्या साध्या शाळकरी भूतकथांच्या मालिकेला अधिकृतपणेच वाह्यात संवाद लावले गेले. कथा तीच, भुतांची नावं तीच, बाकी जे सुचेल ते. ज्यू, ख्रिश्चन, अपंग, कुणी सुटलं नाही. त्यालाही चाहते आहेत. मी बघितलं तेव्हा मात्र मला पहिल्या रांगेत कुणाचीच मान दिसेना. मूळ मालिकेवर कुणाचा जीव नव्हता, त्यामुळे तिच्यावर हसण्यात काही पणाला लागत नव्हतं. उरलेले विनोद गल्लीतल्या दुबळ्या पोराला मारलेल्या टपल्यांसारखे. पोरं हसली. मी पाणी प्यायला उठलो.

हां, चिठ्ठी आली. "पाच मिनिटे." अध्यक्षमहाराज, तुम्ही फार धोक्याचं लिहिलंत. या मालिकेत फ्रीझा म्हणतो, हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं नऊ-दहा भाग चालतात! मागची मंडळी हसताहेत, त्यांनी भोगलंय. त्याचं कारणही साधं आहे. मांगा दर आठवड्याला थोडी थोडी यायची, ॲनिमे तिच्या पाठीला लागलेला. कथा पुढे सरकवली तर दाखवायला काही उरणार नाही. मग वीर एकमेकांकडे बघत उभे. गुरगुरणं, ढग, दगड वर उडताहेत. कात्री चालवायला यापेक्षा उत्तम कापड कुठे मिळणार?

कायद्याचं दोन वाक्यांत आटोपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये एका गाण्याच्या प्रकरणात पैसे कमावणाऱ्या विडंबनालाही संरक्षण मिळू शकतं असं म्हटलं. जपानच्या कायद्यात विडंबनाला वेगळी सूट नाही, तरी तिथे १९७५ पासून चाहत्यांनी काढलेल्या चित्रकथांची जत्रा भरते आणि प्रकाशक बहुधा दुसरीकडे बघतात. आमचे हे टवाळ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सांगायचे, की मालकी मूळ निर्मात्यांची आहे, अधिकृत आवृत्तीच विकत घ्या. गणानंतर गवळण, तसं आधी वंदन मग टवाळी. तरीही त्यांचे भाग अधूनमधून उतरवले जायचे. २०२० मध्ये त्यांनी पुढचं पर्व करणार नाही असं जाहीर केलं. थकलेही होते.

आणि आता जे सांगायला मी खरं तर आलो ते. दहा वर्षं हसवल्यावर, २०१८ मध्ये, शेवटच्या साठाव्या भागात एक प्रसंग येतो. सोळा क्रमांकाचा यंत्रमानव, पाखरांवर जीव असलेला, सेलनं त्याचे तुकडे केलेले. नुसतं डोकं उरलंय. एक भित्रा पैलवान ते डोकं उचलून गोहानच्या जवळ फेकतो. ते डोकं पोराशी बोलतं. सेल ते पायाखाली चिरडतो आणि पोराचा बांध फुटतो. चाहत्यांना यातली चौकट न् चौकट पाठ. इथे कोणता विनोद येणार याची सगळे वाट बघत होते. विनोद आला नाही. त्यांनी भाषण नव्यानं लिहिलं आणि सरळ लिहिलं. मुळापेक्षा हेच लागलं असं म्हणणारे प्रेक्षक कितीतरी आहेत. माझा भाचा त्यांतला एक. त्या दिवशी त्यानं मला फोन केला, "मामा, ते हसवत नाहीयेत." त्याचा आवाज जरा फसवल्यासारखा होता.

मी त्याला म्हटलं, ये, मुळातलं बघू, जपानीत.

तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. भाचा आता तिशीचा आहे, त्याला स्वतःला मुलगी आहे. तो आला ते त्यानंतरच्या रविवारी. खाली इंग्रजी अक्षरं, वर नोझावाबाईंचा चिरका आवाज. पहिला अर्धा तास तो अवघडून बसला होता. नापा मेला तेव्हा सवयीनं भुताची वाट बघत राहिला. मग गोकू छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाला.

"मामा, हा स्वतःला काय म्हणतोय? ओरा?"

"ओरा म्हणजे मी. पण खेड्यातला मी," मी सांगितलं. "म्या."

"म्या?"

"म्या गोकू."

तो इतका हसला, की आम्हाला भाग मागे नेऊन पुन्हा लावावा लागला.